निळ्या खड्याचा नियम

१२ नोव्हेंबर, बुधवार

रुद्राणीनं वही आणून दिली. म्हणाली, "आई, आप्पा दिवसभरात जे काही बोलतील ते रोज लिहून ठेव. बीडच्या वाचा शिकवणाऱ्या मॅडमला दाखवायचं." मी म्हणाले, "चौथी शिकलेल्या बाईला लिहायला लावतीस, डोकं फिरलं का तुझं?" तर म्हणती, दुकानात बांगड्यांच्या डब्यांवर नावं कोण लिहितं मग? सासरी गेली तरी लेकीची जीभ तशीच आहे. माझ्यावर गेलीय.

वहीच्या पुढच्या पानावर यांचे आजचे शब्द लिहिले. पाणी. शिव. न्हाई. एवढेच. लिहून झालं तरी पेन हातातच राहिला, म्हणून वही उलटी करून मागच्या बाजूनं हे लिहायला घेतलं. हे मॅडमला दाखवायचं नाही.

कावून लिहिते, तर एक गोष्ट कुणाला सांगता येत नाही. यांची वाचा गेली त्या दिवशी सकाळी आमचं वाजलं होतं. लेकानं, केदारनाथनं, पुण्याहून फिकट निळ्या खड्यांचं पार्सल पाठवलं. मी म्हणत होते, हे गुण सांगून विकायचे. हे म्हणत होते, आपण खडा विकतो, गुण विकत नाही. शेवटी मी म्हणाले, "तुमी तोंड बंद ठेवा, दुकान मी बघते." दुपारी जेवायला बसले आणि घास तोंडात तसाच राहिला. ओठ एका बाजूला ओघळला. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्ताची गाठ झाली. माझ्या बोलण्यानं गाठ होत नसती, हे मलाही कळतं. पण शब्द माझेच होते आणि झालंही तसंच.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज पार्सल उघडलं. खडे चांगले आहेत, खोटं कशाला बोलू. पांढऱ्या धोतराला शेवटची नीळ देतो ना, त्या पाण्याचा रंग. उजेडात धरला की रंग आहे का नाही तेच कळत नाही, पांढऱ्या कागदावर ठेवला की दिसतो. आपल्याकडं याला बेरुज म्हणतात. यांनी एक खडा डाव्या हातानं उचलला, गालाला लावला. काच असली तर लगेच कोमट होते, खरा खडा थंड राहतो. तीस वर्षं असंच बघतात. मान हलवली. खरा आहे.

केदारनाथनं फोनवर गुण पाठवले, आवाजात बोलून, मला वाचायला त्रास नको म्हणून. पाण्याचा खडा. मन शांत करतो. राग उतरवतो. दर्यावर जाणारे लोक जवळ बाळगायचे. गळ्याच्या चक्राचा खडा, विशुद्ध का काय, गळ्यात अडकलेलं मोकळं करतो. शेवटी म्हणतो, "मम्मी, नुसता खडा कोण घेतं आता? लोकांना अर्थ पाहिजे."

यांची पद्धत वेगळी. गिऱ्हाइकानं गुण विचारलाच तर सांगायचे, पण प्रत्येक वाक्याला शेपूट लावायचे, "लोक म्हणतात." राग शांत होतो, लोक म्हणतात. गिऱ्हाईक तिथंच थंड व्हायचं. तलवाड्यात देवीच्या वाटेवर दुकान, मंगळवारी एवढी माणसं येतात, आणि आमचा माल आहे तसा. मी ते शेपूट कापून टाकणार आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

लई गर्दी. सकाळी यांना आंघोळ घालून, कपाळाला भस्म लावून, खुर्चीवर दुकानात बसवलं. बोटात निळ्या खड्याची अंगठी घातली. त्यांना नको होती. मी घातली.

दुपारी चकलांब्याची एक म्हातारी आली, भिवराबाई नावाची. कडेवर नात. पायरी चढायच्या आधीच बोलत होती. "अगं बाई, केवढं मोठं केलंस गं दुकान, मागं आलते तवा पत्रा होता, आन् हे कोण, मालक का, काय झालं यास्नी, आमच्या भावकीत म्हाळूला असंच झालं बघ, भिताडाकडं तोंड करून बसायचा, पर ह्यांचं तोंड चांगलं हाय, ए वर्षाराणी, बघ बांगड्या, लाल हाय, हिरवी हाय, ही बघ तुझ्या आईला घेतली तसली..." श्वास कुठं घेते देव जाणे.

पोरीला तीन वर्षं उलटून गेलीत. आजी म्हणते, मांजराला मनी म्हणते, पाण्याला बू म्हणते. पुढं गाडी नाही. आईबाप, अजिनाथ आणि रोहिणी, कारखान्यावर ऊस तोडायला गेलेत, शिमग्यापर्यंत येत नाहीत. या दोघीच घरी.

"वेखंड दिलं मधातून," म्हातारी म्हणाली. "पोपटाचा उष्टा पेरू चारला. कुणी सांगितलं, पोपटाचं उष्टं खाल्लं की पोर बोलतं."

"मग?"

"हागली चार दिवस. बोलली न्हाई."

दुकानातल्या बाया हसल्या. पोरगीही हसली. आजी हसली की ती हसते.

मी निळा खडा काढला. गळ्याचा खडा, पाण्याचा खडा, सगळं सांगितलं, शेपूट न लावता. आणि यांच्याकडं बोट केलं. "आमच्या मालकांचं तोंड पार मिटलं होतं, मावशी. बोटात बघा काय हाय. आता बोलत्यात. म्हणा हो, शिव म्हणा." हे गप्प. मी परत म्हणाले. तर हे म्हणाले, "लोक." परत, "लोक... लोक..." आणि डावा हात फळीवर आपटला. गर्दीचा त्रास होतो त्यांना. हाताखालच्या माणसाला सांगून आत नेऊन झोपवलं. तरी म्हातारीला पटलं. शब्द तर निघाला ना तोंडातून.

काळ्या दोऱ्यात खडा ओवून पोरीच्या गळ्यात बांधला. आता जावं का नाही? पण ही बया थांबेना. कोणत्या वारी बांधायचा, पाण्यात काढायचा का, दुधात धुवायचा का, जावेच्या पोरानं ओढला तर काय, जावेचं पोर कसं द्वाड आहे, जाऊ कशी. मागं बाया ताटकळल्या. माझं डोकं ठणकायला लागलं. मी म्हणाले, "मावशी, एकच नियम हाय. हा खडा थंड. याला गलका सोसत न्हाई. सव्वा महिना पोरीजवळ कुणी बोलायचं न्हाई. घर शांत राहिलं तरच खडा उघडतो."

"अजिबात बोलायचं न्हाई?"

"अजिबात. आतापासूनच."

तिचं तोंड उघडं होतं, ते तसंच मिटलं. पदर तोंडावर धरला, मला नमस्कार केला आणि पोरीला घेऊन पायऱ्या उतरून गेली. एक शब्द नाही. बाया खो खो हसल्या. मीही हसले. डोकं तेवढ्यापुरतं उतरलं.

यांचे शब्द: लोक.

२२ नोव्हेंबर

यांनी अंगठी काढून चहाच्या कपात टाकली. कपात चहा होता. मी बाहेर काढून धुतली, परत घातली. परत टाकली. आजारानं माणूस हट्टी होतो.

शब्द: न्हाई. न्हाई. न्हाई.

२ डिसेंबर, मंगळवार

भिवराबाई आली. मी ओळखलंच नाही, कारण आवाज आला नाही. पायरीवर उभी, पदर तोंडावर, डोळे हसरे. मी म्हणाले, "काय मावशी, कसं काय?" तिनं हातानं सांगितलं, चाललंय. बोटानं पोरीच्या गळ्यातला खडा दाखवला, मग आपलं तोंड दाखवलं, मग हात असा आडवा फिरवला. एक शब्द बोलले नाही, असं.

मी म्हणाले, "अवो पर दुकानात बोललं तर चालतंय." तिनं पोरीकडं बोट केलं आणि मान हलवली. पोरगी जवळ आहे ना.

आमचं मांजर फळीखालून आलं. मला वाटलं पोरगी आता मनी म्हणेल. तिनं मांजराकडं बघितलं, मग आजीकडं बघितलं, आणि ओठावर बोट ठेवलं. आजीनं खूश होऊन तिचा मुका घेतला आणि माझ्याकडं बघितलं, कशी शिकवलीय, म्हणून.

मी म्हणाले, "शाब्बास."

शाब्बास म्हणाले मी.

हे खुर्चीत होते. सगळं बघत होते. ती गेल्यावर यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आजारानंतर पाणी लवकर येतं डोळ्यांना, डॉक्टर म्हणाले होते.

५ डिसेंबर, शुक्रवार

चकलांब्याच्या दोन बाया आल्या, केसरबाई आणि तिची जाऊ. निळा खडा पाहिजे. "भिवराबाई गप झाली वो!" केसरबाई म्हणाली. "आख्खं गाव बघाय जातंय. आधी सकाळी तिच्या बोलण्यानं जाग यायची आमाला. जात्यावर बसली तरी गाणं, शेण काढाय बसली तरी पोरीशी गप्पा. आता गिरणीवर दळण टाकाय आली तर बोटानं सांगती. असा खडा असंल तर आमच्या सासूला बी द्या की."

दोघी हसत होत्या. मला हसू आलं नाही. कावून ते कळलं नाही, नुसतं आलं नाही.

विचारलं, "पोरगी बोलती का?"

"कुठली वो. आधी चिवचिव तरी करायची. आता गोठ्यातल्या वासरासारखी बसती. पर खडा उघडायचाय म्हन्ते ना अजून."

खडे दिले. पार्सल आज संपलं. केदारनाथला फोन केला, तो खूश. यांना जेवायला वाढलं तर ताट सारलं. दुकानात बसायलाही तयार नाहीत, खुर्चीच्या दांड्याला घट्ट धरून बसतात घरातच. मी ओरडले त्यांच्यावर. मग गॅस बंद करून उगीच उभी राहिले.

आज शब्द नाही. एकही नाही. मॅडमला काय दाखवू.

९ डिसेंबर, मंगळवार

बीडला गेलो. मंगळवारचं दुकान बंद ठेवलं, पहिल्यांदाच.

मॅडम तरण्या आहेत, रुद्राणीच्या वयाच्या. वही बघितली. पुढची बाजू. म्हणाल्या, "काकू, शब्द कमी होत चाललेत. घरी यांच्याशी कोण बोलतं?" मी म्हणाले, मी दुकानात असते, यांना त्रास नको म्हणून आत शांत झोपवून ठेवते. टीव्हीपण लावत नाही.

मॅडमनं पेन खाली ठेवला. "काकू, शांत ठेवलं की उरलेलंही जातं. माणूस दुसऱ्याचं ऐकून ऐकून बोलतो. लहान लेकरू काय आणि हे काय, सारखंच. ज्या घरात बोलणं बंद, त्या घरातलं लेकरू बोलायचं विसरतं. कंटाळा आला तरी बोलत राहायचं. भाजी निवडताना, भांडी घासताना. तुम्हाला येतं ना बोलायला?"

मी विचारलं, "तीन वर्षाची पोर, तीन-चार शब्द बोलत होती, आणि घरात सव्वा महिना कुणी बोललंच न्हाई, तर?"

"कोण ठेवेल असं?" मॅडम म्हणाल्या. "हेच वय असतं शिकायचं. कुणाची पोर आहे?"

मी म्हणाले, "हाय एक. गिऱ्हाईक."

गाडीत हे खिडकीशी बसले होते. येताना मला एकदम कळलं, त्या दिवशी हे "लोक, लोक" का म्हणत होते. गर्दीचं नव्हतं ते. मी जे बोलत होते त्याला शेपूट लावत होते. पुढचा शब्द येत नव्हता म्हणून हात आपटत होते. आणि मी त्यांना आत नेऊन झोपवलं.

मी त्यांना म्हणाले, "मला आता कळलं." त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. खिडकीबाहेर कापसाची शेतं बघत राहिले.

१० डिसेंबर

केसरबाईकडून भिवराबाईचा नंबर घेतला. लावला. उचलला. मी म्हणाले, "मावशी, मी नीलाबाई, तलवाड्याहून. ऐका, तो नियम..." तिकडं नुसता श्वास. "मावशी, बोला, मी काय म्हणते..." श्वास. मग बोटानं फोनवर टकटक केलं, दोनदा. म्हणजे ऐकते. मी म्हणाले, "नियम खोटा हाय, बोला आता." टकटक. मग तिनं ठेवून दिला.

फोनवरही पाळते बाई. आता काय करू हिला.

११ डिसेंबर

जायला पाहिजे. दुकानात माल लावायचा आहे. यांना कुणाजवळ ठेवायचं. चकलांब्याला जीप कधी असते माहीत नाही. सव्वा महिन्यातले निम्म्याहून जास्त दिवस गेलेत, संपला की बोलेलच की ती. हे सगळं मी स्वतःला सांगितलं. मग केसरबाईचा फोन आला, तिचा खडा दोऱ्यातून निसटला म्हणून. बोलता बोलता म्हणाली, भिवराबाई हा संपला की अजून एक सव्वा महिना धरणार म्हणते, पोरीला गुण आला नाही म्हणून. म्हणते म्हणजे, बोटांनी म्हणते.

रविवारी जाते.

१४ डिसेंबर, रविवार

रुद्राणी सकाळीच आली, यांच्याजवळ बसली. तिला नुसतं म्हणाले, गिऱ्हाइकाकडं जाऊन येते. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, पण विचारलं नाही.

जीपनं चकलांब्याला उतरले. घर कुणी सांगायची गरज नव्हती. "गप झालेल्या म्हातारीचं ना?" म्हणून एका बाप्या माणसानं अंगणापर्यंत आणून सोडलं. पत्र्याच्या दोन खोल्या, दारात शेवग्याचं झाड, झाडाला जनावर बांधलेलं. पोरगी मातीत बसलेली, फुटक्या बांगड्यांच्या तुकड्यांशी खेळत. मला बघून उठली नाही. गळ्यात खडा.

भिवराबाईला एवढा आनंद झाला! पाणी आणलं, गोधडी अंथरली, चहा ठेवला, चहात आलं घालू का म्हणून आलं हातात धरून दाखवलं. सगळं मुक्यानं. मला ते बघवेना.

मी म्हणाले, "मावशी, बसा. ऐका. खडा खरा हाय, नियम खोटा हाय. मी बनवला. तुमी लई बोलत होता, माझं डोकं दुखत होतं, तुमाला घालवायचं होतं मला. म्हणून सांगितलं."

तिनं ऐकलं. मग हसली. मान हलवली, बोट हलवलं. परीक्षा घेतीस होय माझी, असं. देवीच्या तसबिरीकडं हात केला, आपल्या गळ्याला चिमटा घेतला. आण घेतलीय.

मी म्हणाले, "अवो परीक्षा न्हाई! खरंच खोटं हाय!" ती माझ्या पाया पडायला लागली. मी पाय मागं घेतले. खोटं एका झटक्यात पटलं होतं हिला, दुकानातल्या पायरीवर. खरं सांगायला एवढी लांब आले तर पटेना.

मग मला राग आला. कुणाचा ते सांगता येत नाही, माझाच असेल. मी मातीत बसले पोरीशेजारी. म्हणाले, ही बोलत नाही तर मी बोलते. पण बोलू काय? मला पोरांशी बोलायला येतच नाही. रुद्राणी आणि केदारनाथ लहान असताना ऊठ, जेव, गप बस, याच्या पुढं मी फारसं बोलले नसेन. बोलायचे ते हेच. दुकान मिटलं की दोघांना मांडीवर घेऊन दिवसभराचं गिऱ्हाईक सांगायचे.

सुरू केलं. "वर्षाराणी, हे बघ, हे झाड. झाडाला शेंगा येत्यात. ही शेळी. शेळी दूध देती. दूध पिती का तू शेळीचं? लई दूध देती का ही?"

भिवराबाई चुलीपाशी होती. तिनं पदर तोंडात धरला.

"शेळीला दोन पिल्लं व्हतील आता. पोट बघ केवढं झालंय..."

"अगं ये बये! बोकड हाय तो!"

एवढ्या मोठ्यानं, की झाडावरची पाखरं उडाली. "बोकड हाय! दूध काय देतो तो, टाळकं? व्यापाऱ्याची बायको गं तू, नर-मादी कळंना व्हय तुला? पिल्लं व्हतील म्हन्ती!"

पोरगी उभी राहिली. आजीकडं बघतच राहिली.

आणि मग म्हातारीला कळलं. दोन्ही हात तोंडावर गेले. तशीच खाली बसली आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायला लागली. "मोडला गं! माझ्या हातानं मोडला! ह्या जिभेनं घात केला! आता न्हाई बोलायची माझी पोर, कधीच न्हाई बोलायची! अजिनाथाला काय सांगू, रोहिणीला काय तोंड दावू!" पोरगी रडायला लागली. तोंड उघडं, पाणी वाहतंय आणि आवाज नाही. रडायचा पण आवाज काढत नव्हती. ते मी केलेलं.

मी म्हातारीचे दोन्ही हात धरले. परत सांगितलं, नियम नव्हताच, मी खोटं बोलले. तिच्या कानात शिरेना. आधी कळायला नको होतं का मला, की अशानं असं होईल? बोलायला लावायचं एवढंच डोक्यात होतं. आता हिच्या जिवाला कायमचा घोर लागणार, आणि पोरगी उशिरा बोलली तरी ही म्हणणार, माझ्यामुळं.

मग मी म्हणाले, "मावशी, नियम मोडला तर दोष कुणाला लागतो, ठावं हाय का?"

"मला. दुसऱ्या कुणाला?"

"न्हाई. घालणाऱ्याला लागत न्हाई, घरच्याला लागत न्हाई. जिनं खडा दिला तिला लागतो."

तिचे हात सैल झाले. "तुला?"

"मला."

"देवीची आण?"

"देवीची आण."

खड्यांविषयी मी आजवर जेवढं बोलले, त्यातली एवढीच एक आण मला न अडखळता घेता आली.

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "अगं मंग तुझं कसं व्हायचं? घरात मानूस तसा पडलेला तुझा. त्याच्यावर तर यायचं न्हाई?"

"माझं मी बघते. तुमी बोला."

"तुझ्या दारात यायलाच नको हुतं मी. तुला बिचारीला संकटात टाकलं." असं म्हणाली ती. मला.

खडा सोडवते म्हणाले तर नको म्हणाली, दिसतो चांगला, राहू दे पोरीला. मग आत गेली आणि माझी ओटी भरायला बसली. घरात तांदूळ नव्हते, ज्वारीनं भरली. नारळ नव्हता, शेवग्याच्या शेंगा ठेवल्या. कुंकू लावलं. सगळा वेळ पोरीशी बोलत होती. "बघ वर्षा, ही मावशी, मावशीला ज्वारी दिऊ, आन शेंगा, लांब लांब शेंगा, बोकडाला शेळी म्हन्ती ही मावशी, येडी का खुळी..." पोरगी तिच्या पदराला धरून उभी.

मी म्हणाले, "मंगळवारी बीडला नेते दोघींना. एक मॅडम हायत."

"तिथं बोलू देत्यात का?"

"बोलाच म्हणत्यात."

जीपमध्ये सांडू नये म्हणून पदर दोन्ही हातांनी धरून बसले. बाजूच्या बाईनं विचारलं, कशाची ओटी? मी शेंगा पदराआड सारल्या.

घरी आल्यावर रुद्राणीदेखत यांना सगळं सांगितलं. पहिल्यापासून. पार्सल आलं त्या सकाळचंही. रुद्राणी उठून आत गेली. हे गेले नाहीत, ऐकत राहिले. मी थांबले की डाव्या हातानं माझा गुडघा हलवायचे, पुढं सांग म्हणून.

१६ डिसेंबर, मंगळवार

बीडला गेलो, चौघं. मॅडमनं पोरीचे कान तपासून घेतले, ऐकू येतं. खेळणी दाखवली, चित्रं दाखवली. बोलली नाही. मॅडम म्हणाल्या, "वेळ लागेल. किती ते आज सांगता येणार नाही. आजी, तुम्ही काय करता घरी दिवसभर?" झालं. भिवराबाईनं जे सुरू केलं ते मॅडमच्या पुढच्या पेशंटला उशीर होईपर्यंत. मॅडम मला म्हणाल्या, "यांना हेच करू द्या." बाकीचे बाहेर गेल्यावर मी मॅडमला सांगितलं, पोरीला गप्प कुणी केलं ते. मॅडमनं पुढची तारीख लिहून दिली.

येताना गाडीत जागा मिळाली. हे खिडकीशी, मी मध्ये, भिवराबाई माझ्या कानाशी, पोरगी तिच्या मांडीवर. गाडी स्टँडातून निघायच्या आत सुरू झाली. कोण चढलं, कोण उतरलं, ऊस भरलेला ट्रक, ट्रकवर फडातली माणसं, तुझे आईबाप पण असेच जात असतील बघ वर्षा, तो बघ बैल, एका शिंगाचा, शिंग कुठं गेलं त्याचं, जावेनं मोडलं असंल. माझं डोकं कपाळापासून मानेपर्यंत ठणकत होतं. पोरगी आजीच्या तोंडाकडं बघत होती, ओठ हलतील तसे डोळे हलत होते. तिचे ओठ मिटलेलेच.

अर्ध्या रस्त्यात म्हातारी अचानक थांबली. माझ्याकडं वळली, आवाज बारीक करून म्हणाली, "लई बोलती का गं मी? खरं सांग."

यांनी खिडकीतून मान वळवून माझ्याकडं बघितलं. पोरगीपण बघायला लागली, आजी का थांबली म्हणून.

"न्हाई मावशी," मी म्हणाले. "बोला. थांबू नका."